‘हेकल’ करणे म्हणजे हुल्लड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पानावर आमच्या भागातल्या एका प्रचारसभेची बातमी आली. ‘महिलेच्या हुल्लडबाजीमुळे सभेत व्यत्यय’ असा मथळा होता. खाली चौकटीत खुलासा होता, की वक्त्याला मध्येच अडवून सभा उधळण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत ‘हेकलिंग’ म्हणतात. त्या सभेला मी होते, तिसऱ्या रांगेत. म्हणून हे पत्र.

घडले ते एवढेच. पन्नाशीच्या एक बाई, हातात भाजीची पिशवी, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सायेब, आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय. रोज कधी येणार तेवढं सांगा की.” वक्ते हसले आणि उड्डाणपुलाकडे वळले. बाई पुन्हा उठल्या, तोच प्रश्न, तेच शब्द. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा दोन कार्यकर्त्यांनी येऊन त्यांना खाली बसवले. आरडाओरडा झाला तो कार्यकर्त्यांचा. बाईंचा आवाज शेवटपर्यंत चढला नव्हता.

मी एकतीस वर्षे आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवले. ‘हेकल’ हे क्रियापद आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. एकदा एका मुलाने इंग्रजी वर्तमानपत्रात वाचून विचारले तेव्हा मी फळ्यावर लिहिले, ‘सभेत गोंधळ घालणे’. वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. तो अर्थ अपुरा होता हे मला निवृत्तीनंतर, वाचनालयातला जाड शब्दकोश सवडीने चाळताना कळले. आता तोच अपुरा अर्थ छापून आला आणि एका बाईच्या अंगाला चिकटला, तेव्हा गप्प बसवेना.

या शब्दाचे मूळ सभेत नाही, वाखात आहे. हेकल म्हणजे एक फणी. लाकडी फळीवर लोखंडाचे लांब, अणकुचीदार दात उभे ठोकलेले, टोके वर. जवसाच्या किंवा हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, काड्या भिजवून, कुटून जो वाख निघतो, त्याची जुडी मुठीत धरायची, त्या दातांवर आपटायची आणि आपल्याकडे ओढायची. पुन्हा आपटायची, पुन्हा ओढायची. आधी जाड दातांची फणी, मग बारीक, मग त्याहून बारीक. काडीकचरा झडतो, चिकटलेले पदर सुटे होतात, आखूड गुंतवळ दातांत अडकून राहते आणि हातात लांब, सरळ, चकाकता धागा येतो. त्याचे सूत कातायचे आणि लिनन विणायचे. या विंचरण्याला मध्ययुगीन इंग्रजीपासून ‘हेकल करणे’ म्हणतात आणि ते करणारा तो हेकलर. आपल्याकडे जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी, त्यामुळे जवसाच्या खोडात धागा असतो हे आपल्या लक्षातही येत नाही.

हे वाचताना मला मोहोळ तालुक्यातले आजोळ आठवले. शेताच्या कडेने अंबाडी असायची. ती कापून तिच्या पेंढ्या सीना नदीच्या पाण्यात दगड ठेवून बुडवायच्या. कुजल्या की तो वास अंगाला दोन दिवस चिकटून राही. मग साल ओढून वाख सोलायचा, धुऊन कुंपणावर वाळत घालायचा. आजोबा दोर वळायला बसण्याआधी वाख हाताने उकलून मोकळा करत. एखादा गुंता सुटला नाही तर तो भाग तोडून टाकत, तसाच दोरात जाऊ देत नसत. “गुत्ता आत गेला की दोर तितंच तुटतो,” असे म्हणत. बैलाच्या कासऱ्याबद्दल बोलत होते ते.

वडील इथल्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या गाठी फुटून, झोडपून आल्या की कार्डिंगच्या यंत्रावरचे तारेचे बारीक दात त्यातला तंतू न् तंतू सुटा करतात. वाखाला हेकल, तसे कापसाला हे कार्ड. पत्त्यातल्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही. या कार्डाचे मूळ लॅटिनमधल्या एका काटेरी झाडाच्या नावात आहे. आणि आपण मुलांना ‘चिडवणे’ म्हणून शिकवतो ते ‘टीझ’, तेही मुळात लोकर बोटांनी ओढून सुटी करणेच. इंग्रजीतली माणसाला सतावण्याची क्रियापदे शोधायला गेले तर अशी सूतगिरणीच्या दारात येऊन उभी राहतात.

वडील पाळीवरून घरी येत तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. आई फडक्याने त्यांचे डोके झटकायची आणि मगच आत घ्यायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती हमखास आवळायची. आठवडा सरेल तशी जरा सैल व्हायची. घरात सगळ्यांना वाटे की सुट्टीने अंग सुस्तावते. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी उचल खाणे हीच त्याची खूण, हे मला त्यांच्या माघारी कळले. ते नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ तलम लिनन. हेकल करणाऱ्यांच्या छातीत जवसाच्या वाखाची धूळ जाई, माझ्या वडिलांच्या छातीत कापसाची. एका नावाचे दुखणे. संपादक महोदय, शब्दाचे मूळ शोधायला बसले आणि वडिलांचा खोकला ऐकू आला, म्हणून हे सगळे लिहिते आहे.

आता हा शब्द फणीवरून सभेत कसा गेला ते सांगते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदीच्या मुखाशी डंडी नावाचे शहर आहे. आधी जवसाच्या लिननचे, पुढे बंगालच्या तागाचे. आपल्याकडच्या तागाच्या गाठी बोटीने तिथे जात आणि देवमाशाच्या तेलाने मऊ करून त्यांचे गोणपाट होई. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथे भारतातली पहिली ताग गिरणी निघाली, तिची यंत्रे डंडीचीच होती. या डंडीतले हेकलर एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. काम धुळीचे आणि कष्टाचे, पण कारागीर कसबी आणि एकजुटीचे. मालकाशी मजुरी ठरवताना ते मागे हटत नसत. त्यांच्या कामाच्या जागी एकाने त्या दिवशीचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी फणी चालवत ऐकायचे. नुसते ऐकायचे नाही. मध्येच थांबवायचे, हरकत घ्यायची, वाद घालायचा. हात वाखात आणि तोंड बातमीत.

याच स्कॉटलंडमध्ये पार्लमेंटच्या उमेदवाराला भर सभेत उभे करून मतदारांनी उलटसुलट प्रश्न विचारण्याची रीत होती. तिला ‘हेकलिंग’ म्हणत. उमेदवार काय बोलतो त्यातला धागा किती आणि काडीकचरा किती, हे बघायचे तर त्याला दातांवरून ओढायला हवे. तिथल्या लोकांना त्यात वावगे वाटत नसे. उमेदवारालाही ते टाळता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द दक्षिणेला इंग्लंडमध्ये पसरला, तसा त्यातला प्रश्न मागे पडत गेला आणि ओरडा पुढे आला. आपल्या चौकटीतला अर्थ त्या शेवटच्या टप्प्यावरचा आहे.

जाता जाता, स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स हाही काही महिने हेकलर होता. १७८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, जवसाचा वाख विंचरण्याचे काम शिकायला तो अर्विन गावी गेला. नववर्षाच्या जल्लोषात ते दुकानच जळून गेले आणि हा धंदा त्याच्या हातून सुटला.

डंडीच्या त्या वर्तमानपत्र वाचण्यावर माझे मन का अडले ते सांगते. आई बिड्या वळायची. आमच्या वाड्यात सात-आठ घरांतल्या बायका वळायच्या, मराठी, तेलुगू, कानडी, मुसलमान, सगळ्याच. रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटे सुरू. हजाराच्या हिशेबाने मजुरी. दुपारी सगळ्या एका ओसरीवर जमत. त्यांच्यात कोणाला वाचता येत नव्हते. मी चौथीत गेले तशी वाचायचे काम माझ्याकडे आले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातला पेपर दुपारपर्यंत रिकामा होई. तो आणायचा, पहिल्या पानापासून वाचायचा आणि संध्याकाळच्या आत परत नेऊन द्यायचा.

मला सरळ वाचू दिले असे कधी झाले नाही. “थांब गं. कोण म्हणाला? परत वाच.” “हे म्हणतोय, पण काल काय म्हणाला होता?” बिडी कामगारांचा कायदा १९६६ मध्ये झाला. ती बातमी मी मोठ्या उत्साहाने वाचली. आमच्या शेजारच्या आक्कांनी हात न थांबवता विचारले, “कायदा झाला म्हणतीस, मग हजाराला किती? तेवढं लिवलंय का बघ.” लिहिलेले नव्हते. मी पान उलटून बघितले, मागचे-पुढचे बघितले. “मंग उद्याच्यात बघ,” आक्का म्हणाल्या. मी पुढे कितीतरी दिवस ते शोधत होते. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा मी सातवीत होते. सगळे वाचून झाल्यावर आईने एकच विचारले, “तितं पाणी हाय का?” त्या पेपरात तेही नव्हते.

या बायका हुल्लड करत होत्या असे कोणी म्हणेल का? वाचणे म्हणजे काय हे मला शाळेने नंतर शिकवले. आधी त्या ओसरीने शिकवले. ओळीतला कोणता शब्द धागा आणि कोणता नुसता फुगारा, हे त्या बायका तंबाखूने काळवंडलेल्या बोटांनी पान वळता वळता सांगत. तिकडे क्यूबात हवानाच्या चुरटाच्या कारखान्यांतही १८६५ पासून असा वाचक नेमलेला असे. उंच जागी बसून तो वर्तमानपत्र आणि पुस्तके वाची आणि त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. हे वाचले तेव्हा आईला सांगायला हवे होते असे फार वाटले. ती त्याआधीच गेली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. १३ ऑक्टोबर १९०५ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाची सभा होती. सर एडवर्ड ग्रे बोलत होते. दोन बायका उठल्या आणि त्यांनी विचारले, की लिबरल सरकार आले तर बायकांना मताचा हक्क देणार का. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. पुन्हा आले नाही. त्यांना सभेबाहेर काढले गेले, अटक झाली. दंड भरायला नकार दिला म्हणून दोघी तुरुंगात गेल्या. एक ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट, शिकलेल्या घरातली. तिला सात दिवस. दुसरी अ‍ॅनी केनी, तिला तीन दिवस. ही केनी कापडगिरणीतली. दहाव्या वर्षापासून कामाला लागलेली, कामावर एक बोट तुटलेली. ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरच्या बायकांना मत मिळाले ते १९१८ मध्ये, आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये. सभेच्या त्या दिवशी केनीने काय केले? एक वाक्य विचारले. पुन्हा तेच विचारले. आमच्या चौकातल्या बाईंनी केले तेच.

आता आपल्या भाषेकडे येते, पण आधी इतरांच्या भाषा बघू. डच लोक कोणावर कडक टीका केली की त्याला ‘फणीवरून ओढले’ म्हणतात आणि उपहासाच्या कवितेला त्यांनी फणीची कविता असेच नाव दिले आहे. जर्मन माणूस पाठीमागे कोणाच्या कुचाळक्या करतो तेव्हा तोही त्याला वाखासारखा विंचरतो. कोंबड्याच्या मानेवरच्या लांब पिसांनाही इंग्रजीत याच कुळातला ‘हॅकल’ शब्द आहे, आणि राग आला की इंग्रजी माणसाची ती पिसे उभी राहतात. ज्या ज्या समाजाने सूत काढले, त्याने आपली बोलणीही त्या सुतातच ओवली.

मग आपण कुठे आहोत? आपल्याकडे ‘पिंजून काढणे’ आहे. चोराला शोधायला पोलीस सारा गाव पिंजून काढतात. वकील कागद पिंजून काढतो. हे पिंजणे कापसाचे. संस्कृतातही कापूस पिंजण्याच्या धनुष्याला ‘पिंजन’ म्हणतात. माझ्या लहानपणी पिंजारी खांद्यावर ते लांबलचक धनुष्य घेऊन गल्लीत येई. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारला की टंय्य टंय्य असा आवाज घुमे आणि दडस झालेला गादीचा कापूस ढगासारखा वर येई. मातीचे खडे, सरकी, धूळ, सगळे खाली पडे. आम्ही मुले बाजूला उभी राहून ते पडलेले बघत असू. त्या गादीत इतकी घाण होती हे कोणाच्या घरच्यांना आधी खरे वाटत नसे.

वक्त्याच्या बोलण्याचे तसेच करणे म्हणजे त्याला हेकल करणे. या शहराला हा अर्थ परका वाटू नये. इथे घराघरांत माग होते. मागाला फणी असते आणि तिच्या दातांतून उभा धागा एकेक करून ओवावा लागतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या पानांवर कौतुकाचे लेख आले. ते मी कापून ठेवले आहेत. त्या चादरीच्या गावात सभेतल्या प्रश्नासाठी मराठी शब्द हवा असेल, तर तो हुल्लडीच्या कोठारातून आणायची गरज नाही.

माझी विनंती आहे. कोणी खुर्च्या फेकल्या, माइक ओढला, घोषणा देऊन वक्त्याला बोलू दिले नाही, तर त्याला हुल्लड जरूर म्हणा. ती हुल्लडच. पण एखाद्या माणसाने उभे राहून प्रश्न विचारला असेल, तर ‘वक्त्याला पिंजून काढले’ असे लिहा. ते फार वाटत असेल तर ‘भर सभेत जाब विचारला’ असे लिहा. आणि काय विचारले ते त्यांच्याच शब्दांत छापा. परवाच्या बातमीत उड्डाणपुलाची लांबी होती, व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावे होती. बाईंचा प्रश्न नव्हता. ‘पाण्याच्या मुद्द्यावरून’ एवढेच दोन शब्द होते. ओसरीवरच्या आक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, थांब गं, काय विचारलं ते परत वाच.

बिड्या वळणाऱ्या त्या घरांतली काही आता शहराबाहेरच्या कुंभारीच्या वसाहतीत राहायला गेली आहेत. माझी एक विद्यार्थिनी तिथे राहते. तिने फोन करून विचारले, “बाई, तुम्ही होता ना सभेला? त्या बाई खरंच दंगा करत होत्या का ओ?” मी तिला नाही म्हणून सांगितले. तेच आपल्या सगळ्या वाचकांना सांगावे म्हणून हे पत्र छापावे. जागा कमी असेल तर बर्न्सचा भाग काढा, क्यूबाचा काढा. बाईंचा प्रश्न मात्र काढू नका. तो असा होता: नळाला पाणी रोज कधी येणार?

उत्तर मिळाले तर तेही छापा. आमच्या गल्लीत आज चौथा दिवस आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर